हातगुण पुरे, नकाशा दाखवा

“मेथड हाताने बसते, माउसने नाही.” औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत हे वाक्य इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारले जाते की नवख्याला तो रसायनशास्त्राचा एखादा नियमच वाटावा. लिक्विड क्रोमॅटोग्राफीची नवी मेथड बसवायची असते. एखादा तरुण केमिस्ट भीत भीत सुचवतो, की आधी चार ठरवलेले रन घेऊ, त्यांचे आकडे सॉफ्टवेअरला देऊ आणि पुढची शोधाशोध गणितावर सोपवू. खोलीतले ज्येष्ठ एकमेकांकडे बघून हसतात आणि नेहमीची सरबत्ती सुरू होते. कॉम्प्युटरला केमिस्ट्री कळते का? खरे सॅम्पल पुस्तकातल्यासारखे वागते का? ज्याने वीस वर्षे कॉलमपुढे काढली त्याला पीक पाहून जे उमगते, ते या डब्याला कधी उमगणार? आणि शेवटी हुकमाचा पत्ता: आजी आमटीत मीठ अंदाजानेच घालते ना? तिची आमटी कधी बिघडली?

या मताचा मला उबग आला आहे. नुसते जुनाट असते तर हसून सोडून दिले असते. पण त्याच्यापायी महिनोन्महिने यंत्रे अडकून पडतात, कॅनच्या कॅन ॲसिटोनायट्राइल कॉलममधून वाहून टाकाऊ बाटलीत जाते, आणि एवढे करून तयार झालेली मेथड दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचताच मान टाकते. तिचा जनक मात्र सन्मानाने निवृत्त होतो, कारण त्याच्या हातात ती चालत होती.

ज्यांचा या यंत्राशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 15 किंवा 25 सेंटिमीटर लांबीची पोलादी नळी, तो कॉलम. आत काही मायक्रॉन आकाराचे सिलिकाचे कण आणि त्या कणांवर बसवलेल्या 18 कार्बनच्या साखळ्या. यालाच सगळे सी-18 म्हणतात, आणि अशा कॉलमवरच्या पद्धतीला रिव्हर्स फेज. पंप त्यातून बफर आणि ॲसिटोनायट्राइल किंवा मेथॅनॉल यांचे मिश्रण, म्हणजे मोबाइल फेज, दाबाने ढकलतो. औषध आणि त्यातल्या अशुद्धी साखळ्यांना कमी-जास्त धरून राहतात आणि आपापल्या वेळी बाहेर पडतात. डिटेक्टर प्रत्येकाचे पीक काढतो. मेथड बसवायची म्हणजे सॉल्व्हंटचे प्रमाण, ते वाढवत नेण्याचा वेग म्हणजे ग्रेडियंट, तापमान, पीएच आणि कॉलम असे निवडायचे की कोणतेही पीक दुसऱ्याच्या पोटात दडू नये. दडले तर काय बिघडते? दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधाच्या मूळ द्रव्यात 0.10 टक्का किंवा दिवसाला 1 मिलिग्रॅम, यांत जे कमी असेल त्याहून जास्त भरणारी अशुद्धी कोणती आहे हे शोधून काढावे, असे आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू-3-ए मार्गदर्शिका सांगते. मुख्य पीकच्या पोटात बसलेली अशुद्धी 0.10 असो की 0.30, ती वेगळी मोजलीच जात नाही. क्रोमॅटोग्राम मात्र सुरेख दिसतो.

आता हातगुणाची मेथड कशी बसते ते पाहू. पहिला रन: 5 ते 95 टक्के ॲसिटोनायट्राइल, कॉलम कपाटात सर्वांत पुढे होता तो. सहावे आणि सातवे पीक चिकटले. मग ॲसिटोनायट्राइल “थोडे खाली आणा”. सहा-सात सुटले, नऊ-दहा चिकटले. तापमान 5 अंशांनी वाढवा. नऊ-दहा सुटले, शेवटचे पीक टेलिंग करायला लागले. पीएच “जरा” हलवा. असे करता करता सगळी पीक कशीबशी सुटी दिसणारी एक जागा सापडते. तिथेच ठाण मांडायचे आणि व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल लिहायला घ्यायचा. हीच जागा का, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते: अनुभव.

एका वेळी एकच घटक हलवायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे. हे शास्त्रशुद्ध वाटते, कारण शाळेतल्या प्रयोगवहीत तसेच लिहिलेले असते. पण साधा हिशेब करा. ग्रेडियंटचा वेळ, तापमान आणि पीएच या तीन घटकांच्या प्रत्येकी 5 किमती घेतल्या, तर एकूण 125 परिस्थिती होतात. एका वेळी एक हलवणारा माणूस त्यांतल्या 13 पाहतो. उरलेल्या 112 विषयी त्याच्याकडे माहिती नसते, मत असते. आणि घटक एकमेकांपासून स्वतंत्र असते तर 13 पुरलेही असते. ते तसे नाहीत. 30 अंशांवर जो पीएच उत्तम, तो 50 अंशांवर उत्तम राहीलच याची हमी नाही. तापमान बदलले की बफरचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात असतात तो आकडा, सरकतो, औषधातल्या अमाइनचाही सरकतो, आणि दोघे सारखे सरकत नाहीत. ज्याने पीएच 30 अंशांवर ठरवून टाकला आणि मग तापमान शोधायला निघाला, त्याने चांगल्या जागेचा रस्ता स्वतःच बंद केला. त्याला ते कळणारही नाही, कारण बंद केलेल्या रस्त्यावर काय होते ते त्याने पाहिलेलेच नाही.

पीक आपली जागा का बदलतात? एखाद्या पदार्थाच्या धारणेचा लॉगॅरिदम सेंद्रिय सॉल्व्हंटच्या प्रमाणासमोर मांडला, तर रिव्हर्स फेजमध्ये बहुतेक वेळा जवळजवळ सरळ, उतरती रेषा मिळते. रेषा म्हटली की दोन आकडे आले: ती कुठून सुरू होते आणि किती उताराने खाली येते. औषधांसारख्या लहान रेणूंसाठी हा उतार 4 च्या आसपास असतो. म्हणजे ॲसिटोनायट्राइल 10 टक्क्यांनी वाढवले की धारणा साधारण अडीच पटींनी घटते. पण सगळ्यांचा उतार नेमका सारखा नसतो, आणि उतार वेगळे असलेल्या दोन पदार्थांच्या रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. छेदाच्या जागी दोन पीकचे एक होते, त्याच्या पलीकडे त्यांचा क्रम उलटतो. सहा-सात सुटल्यावर नऊ-दहा का चिकटले याचे कारण एवढेच आहे. त्यात गूढ काही नाही, आणि हातगुण तर मुळीच नाही.

रेषेला दोन बिंदू पुरतात, म्हणून दोन ग्रेडियंट रन पुरतात: एक 20 मिनिटांचा, एक 60 मिनिटांचा. ते दोन तापमानांवर केले की 4 रन होतात. तीन पीएच जोडले की 12. सहा छोटे, सहा लांब; ग्रेडियंटचा निव्वळ वेळ 480 मिनिटे, म्हणजे 8 तास. कॉलम धुणे, नव्या बफरवर आणि नव्या तापमानावर स्थिरावू देणे धरले तर एक रात्र आणि वर थोडी सकाळ. त्या 12 रनमधून प्रत्येक पदार्थ कसा वागतो त्याचे आकडे हाती येतात. मग त्या चौकटीतल्या हजारो बिंदूंवर, सर्वांत अवघड जोडी किती सुटेल हे गणिताने काढता येते. सुटणारा भाग लाल, चिकटणारा निळा; ड्रायलॅब या प्रोग्रॅममध्ये लाल म्हणजे चांगले, हे नव्या माणसाला दोनदा सांगावे लागते. हा रेझोल्यूशनचा नकाशा. हातगुणवाला ज्या बिंदूवर ठाण मांडून बसला आहे, तो लाल पट्ट्याच्या मध्यावर आहे की निळ्याच्या काठावर, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. नकाशाला येते.

“कॉम्प्युटरला केमिस्ट्री कळत नाही.” खरे आहे. कॅल्क्युलेटरला बेरीज तरी कुठे कळते? विचारायचे ते हे, की त्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेली केमिस्ट्री कोणाची. लॉइड स्नायडर कीबोर्डवरून क्रोमॅटोग्राफीत उतरले नव्हते. अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत पेट्रोलियमचे घटक वेगळे करता करता त्यांनी अधिशोषण क्रोमॅटोग्राफीचा सिद्धान्त रचला आणि 1968 साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या दशकात ग्रेडियंटचे गणित मांडले, आणि ऐंशीच्या दशकात जॉन डोलन आदी सहकाऱ्यांबरोबर ते ड्रायलॅबमध्ये बसवले. तो प्रोग्रॅम पुढे बर्लिनमध्ये ज्यांनी सांभाळला आणि वाढवला त्या इम्रे मोल्नार यांनी 1976 मध्ये, चाबा होर्वाथ आणि वेन मेलँडर यांच्याबरोबर, रिव्हर्स फेजमध्ये पदार्थ कॉलमला का धरून राहतो यावरचा पायाभूत लेख लिहिलेला होता. ग्लाइच आणि किर्कलंड या ड्यूपॉन्टच्या शास्त्रज्ञांनी तर 1980 मध्येच सॉल्व्हंटच्या त्रिकोणावर रेझोल्यूशनचे नकाशे एकावर एक ठेवून दाखवले होते. ही सगळी माणसे आयुष्यभर कॉलमपुढे बसलेली. त्यांच्या अनुभवाला अनुभव म्हणायचे नाही, आणि “थोडे खाली आणा” याला मात्र म्हणायचे? या वाक्यात किती केमिस्ट्री आहे, कोणी मोजून सांगेल का?

हातगुणाचा सर्वांत लाडका उपाय घ्या. पीक सुटत नाहीत? लावा 25 सेंटिमीटरचा कॉलम. कॉलमच्या लांबीबरोबर त्याची कार्यक्षमता मोजणारी प्लेटसंख्या वाढते, पण रेझोल्यूशन तिच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढते, हे पर्नेल यांच्या समीकरणात 1960 पासून लिहिलेले आहे. 15 वरून 25 वर गेलात की रनचा वेळ दोन तृतीयांशाने वाढतो, बॅक प्रेशर तितकेच वाढते, आणि रेझोल्यूशन वाढते 29 टक्के. याच समीकरणात दुसराही एक घटक आहे, निवडकता, म्हणजे शेजारच्या दोन पीकच्या धारणांचे गुणोत्तर. ते 1.02 वरून 1.04 झाले तर रेझोल्यूशन जवळजवळ दुप्पट होते, आणि रन एक मिनिटही लांबत नाही. निवडकता हलते ती तापमानाने, पीएचने, ॲसिटोनायट्राइलच्या जागी मेथॅनॉल घेतल्याने. नकाशामागचे गणिती मॉडेल नेमके तिथे पाहते. हात तिथे चाचपडतो, आणि चाचपडून दमला की लांब कॉलम मागवतो.

हल्ली या सगळ्याला एआय म्हणायची टूम निघाली आहे. विरोधक नाक मुरडून म्हणतात, समर्थक छाती फुगवून. दोघांनीही जरा दमाने घ्यावे. दोन स्थिरांक असलेली ही सरळ रेषा ऐंशीच्या दशकातल्या पीसीवर चालत होती. तिच्याविषयी आजही “बघू, अजून नवीन आहे” असे म्हणणारा माणूस नेमकी कशाची वाट पाहत आहे?

दुसरा आक्षेप त्यातल्या त्यात बरा आहे: खरे सॅम्पल मॉडेलचे ऐकत नाही. असे म्हणणाऱ्याला मी उलट विचारतो, पीक नीट ओळखली होती का? 20 मिनिटांच्या रनमधले सातवे पीक 60 मिनिटांच्या रनमध्ये आठवे असू शकते, आणि दोन्ही एकच आहेत हे मॉडेलला सांगावे लागते. एरिया जुळवा, डायोड ॲरेचा यूव्ही स्पेक्ट्रम पाहा, मास डिटेक्टर असेल तर वस्तुमान पाहा. इथे गफलत झाली तर मॉडेल मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते. हे मी लपवत नाही. पण याचे भांडवल प्रतिपक्षाला करता येणार नाही. क्रम उलटला का, हे हाताने मेथड बसवणाऱ्यालाही कळायला हवेच. तो ते तपासत नाही, आणि तपासले नाही हे कुठे दिसतही नाही. मॉडेलचे तसे नाही. चुकीचे पीक जोडले असेल तर पडताळणीच्या रनमध्ये अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फट पडते आणि ती सगळ्यांना दिसते. ज्या पद्धतीत चूक पकडली जाते तिला चुकीची म्हणायचे आणि जिच्यात ती पकडलीच जात नाही तिला अनुभवसिद्ध, हा न्याय कुठला?

अंदाजात एखाद-दोन टक्क्यांचा फरक येतोच की, असेही ऐकवतात. येतो. पण वेळ किती चुकली यापेक्षा दोन शेजाऱ्यांमधले अंतर किती चुकले याला महत्त्व आहे. औषध आणि त्याच्या अशुद्धी बहुधा एकाच सांगाड्याचे रेणू असतात. मॉडेल एकाच्या बाबतीत जितके आणि ज्या दिशेने चुकते, दुसऱ्याच्या बाबतीतही साधारण तितकेच आणि त्याच दिशेने. वजाबाकीत ती चूक बरीचशी गळून जाते. हे पटत नसेल तर रन घ्या आणि पाहा. कायरल कॉलमची निवड अजूनही एकामागून एक कॉलम लावूनच करावी लागते, आणि पाणी ओढून धरणाऱ्या कॉलमच्या हिलिक पद्धतीत रेषा सरळ राहत नाही, हे मान्य. यापलीकडे मान्य करण्यासारखे मला काही सापडत नाही.

आता आजीच्या आमटीकडे येऊ. आजी आमटी स्वतः चाखते, स्वतःच्याच चुलीवर करते, आणि मीठ रोज नव्याने ठरवते. औषधाच्या मेथडला यातली एकही सवलत नाही. ती एकदा डॉसियरमध्ये गेली की पुढची कित्येक वर्षे दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या लॉटच्या कॉलमवर, दुसऱ्या माणसाने केलेल्या बफरवर तीच चालली पाहिजे, आणि चाखून मीठ वाढवायची सोय नाही. कोणता घटक किती हलवता येईल याच्या मर्यादा अमेरिकन फार्माकोपियाच्या 621 व्या प्रकरणात छापलेल्या आहेत. त्या ओलांडल्या की पुन्हा व्हॅलिडेशन. तेव्हा तुलना करायचीच तर अशी करा: आजीने एकदाच कागदावर लिहून दिलेली आमटी, तिला कधीही न भेटलेल्या दहा आचाऱ्यांनी, दहा वेगळ्या स्वयंपाकघरांत, चव न घेता करायची आणि ती हुबेहूब तशीच व्हायची. या अटीवर आजीही मीठ मोजून लिहील.

आणि ही अट काल्पनिक नाही. समजा तुर्भ्याच्या संशोधन प्रयोगशाळेत बसलेली मेथड वेर्ण्याच्या कारखान्यातल्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, जायची आहे. तुर्भ्याला नवे यूएचपीएलसी, वेर्ण्याला जुना क्वाटर्नरी पंप. सॉल्व्हंट मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंत जी जागा असते ती ड्वेल व्हॉल्यूम. नव्या यंत्रात ती काही दशांश मिलिलिटर असते, जुन्यात 1 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त. दोन यंत्रांत 0.8 मिलिलिटरचा फरक असेल आणि अरुंद कॉलमवर प्रवाह मिनिटाला 0.4 मिलिलिटर असेल, तर वेर्ण्याला प्रत्येक ग्रेडियंट कॉलमवर 2 मिनिटे उशिरा पोचतो. सुरुवातीची पीक तेवढा वेळ कमी ताकदीच्या सॉल्व्हंटमध्ये रेंगाळतात, आणि वेगवेगळ्या उताराचे पदार्थ वेगवेगळे रेंगाळतात. जोड्या चिकटतात. मग तुर्भ्याहून फोन जातो: “आमच्याकडे तर छान येते.” वेर्ण्याच्या मुलांवर संशय, कॉलमवर संशय, पाण्यावर संशय. ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) उघडले जाते, चौकशी चालते, निष्कर्षात “विश्लेषकाचे प्रशिक्षण” असे लिहिले जाते. मॉडेलमध्ये ड्वेल व्हॉल्यूम हा एक रकाना आहे. तिथे 0.3 च्या जागी 1.1 भरले की वेर्ण्याचा क्रोमॅटोग्राम तुर्भ्याच्या खुर्चीत बसून, मेथड पाठवण्याआधी दिसतो. हातगुण असा कुरियरने पाठवता येतो का?

पीएचचे प्रकरण याहून वाईट. ज्या पदार्थाचा पीकेए मोबाइल फेजच्या पीएचपाशी आहे, त्याची धारणा 0.1 पीएचच्या फरकाने 10 टक्क्यांच्या आसपास सरकू शकते. प्रयोगशाळेतले पीएच मीटर, त्याचे कॅलिब्रेशन आणि संध्याकाळच्या शिफ्टची घाई मिळून 0.05 ची तफावत सहज पडते. हाताने मेथड बसवणारा “जरा” पीएच हलवतो तेव्हा तो नेमका अशाच उतारावर जाऊन थांबण्याची शक्यता दाट असते. कारण पीक सर्वांत जास्त तिथेच हलतात, आणि हललेले पीक पाहून त्याला प्रगती झाल्यासारखी वाटते. तीन पीएचचा नकाशा हाच उतार आधी दाखवतो आणि म्हणतो, इथे थांबू नका.

2008-09 चा ॲसिटोनायट्राइलचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. ॲसिटोनायट्राइल हे ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांचे उपउत्पादन. मंदीने मोटारी आणि घरगुती वस्तूंची मागणी कोसळली, तशी ॲक्रिलोनायट्राइलचीही कोसळली. त्यातच बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी चीनमधले काही कारखाने बंद ठेवले गेले आणि सप्टेंबर 2008 मध्ये आयक चक्रीवादळ टेक्सासवर आदळले. भाव गगनाला भिडले आणि जगभरातल्या प्रयोगशाळा मेथॅनॉलकडे वळण्यासाठी धावल्या. ज्यांच्याकडे आपल्या पदार्थांच्या वर्तनाचे आकडे होते त्यांना कुठून सुरुवात करायची ते ठाऊक होते. ज्यांच्याकडे फक्त एक चालणारा बिंदू होता, त्यांना पुन्हा पहिल्या रनपासून “थोडे खाली, थोडे वर” करावे लागले.

सॉफ्टवेअर महाग आहे, हा मुद्दा लहान प्रयोगशाळेच्या मालकाने काढला तर मी ऐकून घेतो. पण हा मुद्दा हिरिरीने मांडतात ते बहुधा यूएचपीएलसीची रांग लावून बसलेले लोक. एका प्रॉडक्टवर एक यंत्र दोन महिने चाचपडत ठेवण्याचा खर्च ते कुठल्या खात्यात मांडतात? शिवाय ज्याला खरोखर परवडत नाही त्याला दोन ग्रेडियंट रनमधून पदार्थाची रेषा स्प्रेडशीटमध्येही काढता येते, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात विकसित झालेला एचपीएलसी सिम्युलेटर शिकण्यासाठी फुकट उपलब्ध आहे. पैशांचा प्रश्न खरा असता तर निदान फुकटची गोष्ट तरी वापरात दिसली असती.

आणि मग तो भावनिक आक्षेप: अशाने पोरे आळशी होतील, त्यांना क्रोमॅटोग्राफी कधी येणारच नाही. मला तर हाच आक्षेप सर्वांत जास्त खुपतो, कारण तो पोरांची काळजी असल्याचा आव आणून केला जातो. आज कोल्हापूर, पुणे, मुंबई, संभाजीनगरहून एमएस्सी होऊन येणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेत काय शिकायला मिळते? मोबाइल फेज गाळा. व्हायल भरा. सीक्वेन्स लावा. साहेब येतील, प्रिंटवर गोल करतील आणि म्हणतील, 2 टक्के कमी करून बघ. का कमी करायचे? बघ तर खरे. पाच वर्षे असे गेल्यावर ती स्वतः साहेब होते आणि दुसऱ्या मुलीला सांगते, 2 टक्के कमी करून बघ. याला आपण गुरुपरंपरा म्हणतो. यात हस्तांतरित होते ते आज्ञा देण्याचे वळण. रसायनशास्त्राचा हातबदल कुठेच होत नाही.

तीच मुलगी सिम्युलेटरपुढे बसवा. ग्रेडियंटचा वेळ सरकवला की दोन पीक जवळ येतात, एक होतात, एकमेकांना ओलांडून जातात. प्रत्यक्ष यंत्रावर जे पाहायला आठवडा लागला असता ते एका दुपारी डोळ्यांसमोर घडते, आणि मुलगी आपोआप विचारते: हे दोघेच का ओलांडतात? एकाच्या सांगाड्यावर नायट्रो गट आहे आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणून? इथे केमिस्ट्री सुरू होते. मग तिला रन घेऊन पडताळायचेच असते, तिला कोणी सांगावे लागत नाही. मॉडेलमुळे विचार संपतो असे म्हणणाऱ्यांनी मॉडेल नसताना किती विचार चालतो ते आपल्याच प्रयोगशाळेत पाहावे.

खरी अडचण निराळी आहे, ती कोणी मोठ्याने बोलत नाही. हातगुण ही सत्ता आहे. मेथड फक्त एकाला बसवता येते तोवर त्या एकाच्या खोलीबाहेर रांग असते. त्याची वही कपाटात कुलपात असते, त्याच्या रजेच्या काळात प्रॉडक्ट थांबते, आणि थांबले की त्याचे महत्त्व वाढते. नकाशा भिंतीवर लावला की हे सगळे संपते. कोणतीही नवखी मुलगी बोट ठेवून विचारू शकते, “सर, आपण इथे का आहोत, तिकडे का नाही?” वीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. कॉम्प्युटरविषयीचा राग हा बराचसा या प्रश्नाविषयीचा राग आहे.

ऑडिटरला काय सांगायचे, म्हणून घाबरणारे अजून शिल्लक आहेत. घाबरायचे कारण 2009 मध्येच कमी झाले, जेव्हा आयसीएचच्या क्यू-8 च्या सुधारित आवृत्तीने उत्पादन प्रक्रियेसाठी डिझाइन स्पेसची, म्हणजे प्रक्रिया ज्या प्रदेशात चालते त्याची, भाषा रूढ केली. विश्लेषणाच्या पद्धतींसाठी क्यू-14 ही मार्गदर्शिका नोव्हेंबर 2023 मध्ये अंतिम झाली, आणि तिच्यात विकासाचे दोन मार्ग स्पष्ट सांगितले आहेत: एक किमान मार्ग, दुसरा अधिक समज देणारा वाढीव मार्ग, ज्यात घटकांचा एकत्रित अभ्यास करून पद्धत कोणत्या प्रदेशात चालते हे दाखवता येते. किमान मार्ग बेकायदा नाही. पण ज्याने प्रदेश दाखवला त्याला मंजुरीनंतर त्या प्रदेशाच्या आत फिरायला मोकळीक मिळू शकते, आणि ज्याच्याकडे एकच बिंदू आहे त्याला प्रत्येक हालचालीचे स्पष्टीकरण द्यावे लागते. ऑडिटरसमोर “अनुभव” हे उत्तर द्यायचे धाडस मी अजून तरी कोणात पाहिलेले नाही. ते उत्तर फक्त कनिष्ठांसाठी राखून ठेवलेले असते.

विक्रेत्यांविषयी एक वाक्य: एका बटणात मेथड देतो असे छापणाऱ्या ब्रोशरला मी त्याच टोपलीत टाकतो जिथे हातगुण जातो, कारण दोघेही तुम्हाला विचार न करण्याची सोय विकतात.

तेव्हा आता वाद पुरे. ज्यांना हाताची खात्री आहे त्यांनी स्वतः बसवलेली, आज क्यूसीत चालू असलेली कोणतीही एक मेथड निवडावी. तोच कॉलम, तेच सॅम्पल; 20 आणि 60 मिनिटे, दोन तापमाने, मेथडमधला पीएच मध्ये आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या एककावर एकेक. रात्री 12 रन लावा, सकाळी पीक नीट ओळखा, नकाशा काढा आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा. तुमचा बिंदू लाल पट्ट्याच्या मध्यावर निघाला तर मी तुमचा हात हातात घेऊन अभिनंदन करीन. निळ्याच्या काठावर निघाला, तर ज्या मुलीने ते 12 रन लावले तिलाच तो बिंदू कुठे हलवायचा ते ठरवू द्या, आणि बदलाच्या अर्जावर सही करा.